बारा व्होल्टांची हाक

फिदाल्गा घरी आली. पाणी प्यायली, कान झटकले, पुढं यथासांग व्यालीसुद्धा. गोष्ट संपली.

आता हे मी बोललोच नाही असं समजा. फिदाल्गा आलेली नाही. ती रानात आहे, पोटुशी आहे, आणि रानातल्या डबक्यांच्या तळाची माती फुटक्या कौलांसारखी वर वळली आहे. ऊन असं, की सरडासुद्धा एकेक पाय उचलून गार करून घेतोय. आमच्या सेरोतच्या पंचक्रोशीत पाणी उरलंय ते फक्त गावातल्या बोअरला, आणि ही बातमी फिदाल्गाला कुणी कळवायची हा प्रश्न आहे. दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई, अंगणात उभी राहून आपल्या पोरावर, झिल्वानवर, ओरडते आहे.

"मार की हाक! गाईला हाक मारायला लाजतोस, आन् रस्त्यानं जाणाऱ्या पोरींना बरी मारतोस!"

झिल्वान कुंपणावर चढला, छाती फुगवली आणि हाक मारली. दारात बोट सापडलं की माणूस जे करतो तसंच काहीतरी ते होतं. आम्ही रानाकडं बघत थांबलो.

एक कोंबडी आली.

"माझ्याच पोटाला आलास रं," दोना झुल्मिरा म्हणाली आणि पदराचं टोक... नव्हे, आमच्याकडं पदर नसतो, झग्याची बाही तिनं डोळ्याला लावली.

आमच्याकडं गुरं काटेरी रानात मोकळी सोडतात. दिवसभर ती काय खातात ते त्यांना आणि देवालाच ठाऊक. संध्याकाळी मालक टेकाडावर उभा राहून हाक घालतो. तिला शब्द नसतात. एऽऽ म्हणून चढायचं, ओऽऽ म्हणून उतरायचं, आणि मध्ये कुठंतरी माणसाच्या काळजाला हात घालून परत यायचं. आबोयू म्हणतात तिला. ज्याची हाक त्याचीच गुरं. शेजाऱ्याच्या हाकेला आपली गाय मान वर करणार नाही.

सेऊ बेलार्मिनो, झिल्वानचे वडील आणि माझे पाद्रिन्यो, म्हणजे बाप्तिस्म्याला मला हातावर धरलेले धर्मबाप, यांची हाक तीन टेकाडांपलीकडं जायची. ती ऐकली की बायका चुलीवरचा घेवडा उतरवायच्या. घड्याळ कुणाकडं नव्हतं असं नाही, पण घड्याळाला बायका उगीच मान देत नसत.

मग पाद्रिन्योंचा घसा दुखायला लागला. रेसिफे शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी घशातलं दुखणं कापून काढलं. दुखण्याला आवाज चिकटलेला होता, तोही गेला. घशाला भोक, भोकात नळी, नळीवर पांढरं फडकं. आता श्वास घेतला की फुस्स वाजायचं, तेवढंच.

ते इस्पितळात असताना फिदाल्गाला हाक कुणी मारायची? दुष्काळात बाकीची गुरं गेली, काही मेली, काही जिवंत असतानाच बाजारात गेली. राहिली एवढी एकच. ती एका दिवसाची असताना तिची आई साप चावून मेली होती. पाद्रिन्योंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, आणि पाजताना तोंडातल्या तोंडात हाक गुणगुणली. त्यामुळं तिला वाटत असावं की दूध या आवाजातूनच येतं. ती दुसऱ्या कुणाच्या हाकेला कान हलवत नव्हती. पहिल्या संध्याकाळी हाक आली नाही, ती घरी आली नाही. दुसऱ्याही संध्याकाळी नाही. साधा हिशोब होता, गाय चुकली नव्हती.

पाद्रिन्यो गाडीतून उतरले तेव्हा त्यांनी आधी बायकोकडं बघितलं नाही, रिकाम्या गोठ्याकडं बघितलं. मी पुढं होऊन रीतीप्रमाणं म्हणालो, "आशीर्वाद, पाद्रिन्यो." एरवी ते म्हणायचे, 'देव तुझं भलं करो, आणि तुला अक्कल देवो.' त्यांनी तोंड उघडलं. फुस्स. मग अंगठा वर केला. अकलेचं राहून गेलं.

आता भिंतीकडं येऊ.

झिल्वानकडं जुनी डिझेलची पिकअप होती आणि तिच्या पाठीवर स्पीकरची भिंत. खाली धुण्याच्या टबाएवढे बासचे स्पीकर, वर मक्याच्या कणसांसारखे रांगेनं बसवलेले भोंगे. वर लाल रंगात नाव घातलेलं, 'सासूबाईंची झोप'. झिल्वानचं लग्न झालेलं नाही. संत जुआंवच्या सणात ही भिंत वाजली की घरांवरची कौलं जागा बदलायची. पण ती वाजवायची म्हणजे वीज लागते, आणि ती हवेतून येत नाही. गाडीला मोठा आल्टरनेटर, सीटखाली बॅटऱ्यांची फौज, आणि त्यांना जोडणारी बोकडाच्या शिंगाएवढी जाड तांब्याची केबल. झिल्वान या सगळ्याला औषधपाणी करायचा. आई म्हणायची, माणसाच्या पोरासारखं करतो. माणसाचं पोर एवढं खात नाही, असं माझं मत.

या भिंतीवरून बापलेकांचं एकदा वाजलं होतं. गेल्या सणाला झिल्वाननं बापाची हाक गुपचूप फोनमध्ये भरून घेतली आणि दोन गाण्यांच्या मध्ये लावली. लोक नाचले. पाद्रिन्यो गर्दीतून चालत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "त्यो आवाज जनावरासाठी हाय. मानसं नाचवायला तू जल्मलास की." त्यानंतर कित्येक दिवस दोघं एकमेकांशी मीठ मागण्यापुरतंसुद्धा बोलले नव्हते.

कोंबडी येऊन गेल्यावर तीच गोष्ट सगळ्यांना आठवली. शेवटी दोना झुल्मिराच म्हणाली, "भिंतीतनं लाव."

"आई, बा नको म्हनंल."

"कसा म्हनंल?"

हे खरंच होतं. पाद्रिन्यो उठून घरात गेले. आम्हाला वाटलं, रागावले. ते बाहेर आले तेव्हा डोक्यावर कातड्याची टोपी होती, गुरांमागं जाताना घालायची ती.

झिल्वाननं गाडी चौकात आणली. बॅटऱ्या अर्ध्या होत्या म्हणून त्यानं मोठा चार्जर गावाच्या विजेला जोडायला घेतला. आमच्या गावाचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे खांबावर टांगलेला दुधाचा कॅन. त्याच्यावर बोअरचा पंप, सगळ्यांचे दिवे, आणि दोना इरासीचा फ्रीझर. दोना इरासी पाणी-मंडळाची अध्यक्ष. पंपाची किल्ली तिच्या गळ्यात, संताच्या पदकाशेजारी. त्या दोन्हींत जास्त चमत्कार किल्लीचे. फ्रीझरमध्ये ती जांभळ्या सरबताच्या पिशव्या गोठवून विकते.

"पंप चालू हाय," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "त्यो बंद झाल्याबिगर तुझी वायर लावायची न्हाई."

"पंप बंद झाला तर गाय येऊन पिल काय, दोना इरासी?"

"आन् पंप जळला तर?"

"एकच हाक मारतो."

"एक म्हंजी किती?"

"गाय येस्तोवर."

"तुझ्या बापाच्या तोंडाकडं बघून गप बसते," ती म्हणाली आणि पुढं बराच वेळ बोलत राहिली.

झिल्वाननं आवाज लावला. भिंतीतून पाद्रिन्योंची हाक निघाली आणि माझ्या हातावरचे केस उभे राहिले, कारण पाद्रिन्यो माझ्या शेजारी तोंड मिटून उभे होते. हाक चढली की गावातले दिवे बारीक व्हायचे, उतरली की मोठे. अख्खं गाव श्वास घेत होतं. पाद्रिन्योंनी डोळे मिटले, त्यांचा गळा फडक्याखाली आपोआप वरखाली होत होता.

मग खांबावर ठाप्पकन आवाज झाला. फ्यूज निखळून लोंबायला लागला. दिवे गेले, पंप थांबला, भिंतीवरचा तांबडा दिवा लागला, आणि 'सासूबाईंची झोप' झोपली.

वीज कंपनीला फोन केला. तिथल्या बाईनं सांगितलं की आमची तक्रार त्यांच्यासाठी फार मोलाची आहे. ती त्यांनी जपून ठेवली असावी, कारण माणूस आला तो कित्येक आठवड्यांनी; तोवर गाव टँकरच्या पाण्यावर राहिलं. इकडं सकाळपर्यंत फ्रीझर वितळायला लागला. दोना इरासीनं माल फुकट जाण्यापेक्षा गावाला वाटला. त्यामुळं झिल्वानला ज्या काही शिव्या बसल्या त्या सगळ्या जांभळ्या जिभांनी.

"खालून हाक टेकाडाला अडते," झिल्वान गाडीच्या चाकाला पाठ लावून मला म्हणाला. "वरच्या माळावर न्यायला पायजे, नेको. पन बॅटरीत जीव न्हाई."

"डिझेलवर चार्ज कर."

"वाजवायचा बोजा एवढा हाय, की आल्टरनेटर एक घास भरवतो तवर भिंत चार घास गिळती. भरल्या बॅटऱ्या पायजेत. लई पायजेत."

पाद्रिन्यो हे ऐकत होते. ते उठले आणि गावात निघाले. घरोघर गेले. दारात उभं राहून आधी स्वतःच्या घशाकडं बोट दाखवायचे, मग घरवाल्याच्या मोटरसायकलीकडं. पहिल्या घरी लोकांना वाटलं म्हाताऱ्याला मोटरसायकल गिळायची आहे. पुढं बातमी त्यांच्याआधी पोचायला लागली. ज्यांनी सकाळी शिव्या दिल्या त्यांनीच पाने घेऊन बॅटऱ्या सोडल्या. मोटरसायकलींच्या आल्या, ट्रॅक्टरची आली, पाण्याच्या टँकरवाल्यानं आपली काढून दिली आणि टँकर तिथंच ठेवून मक्याचा कुस्कुस खायला बसला, कारण आता त्याला कुठं जाताच येणार नव्हतं.

सगळ्यांत शेवटी दोना इरासी आली. तिच्या हातात नवऱ्याची बॅटरी होती. नवरा वारून बरीच वर्षं झाली, मोटरसायकल तिनं विकली नव्हती.

"ही घे. भारी कंपनीची हाय. त्यानं लई जपली व्हती."

झिल्वाननं मीटर लावून बघितला. काटा जागचा हलला नाही. मेलेली बॅटरी फौजेत जोडली तर ती बाकीच्यांना पिऊन टाकते, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"कशी हाय?" दोना इरासीनं विचारलं.

"झकास," झिल्वान म्हणाला. "हिला अगदी पुढं ठेवू." त्यानं ती सगळ्यांच्या पुढं मांडली, तिला एक लाल वायर लावली, एक काळी लावली, आणि दोन्हींची दुसरी टोकं बाजूला पडलेल्या चादरीखाली नेऊन कशालाच न जोडता सोडून दिली.

वरच्या माळावर पोचलो तेव्हा सूर्य उतरायला लागला होता. हीच हाकेची वेळ. खाली राखेच्या रंगाचं रान पसरलेलं, मध्ये मध्ये निवडुंगाचे खांब, हिरवं म्हणून एकटं अंबूचं झाड. झिल्वाननं मला गाडीत बसवलं.

"पाय अॅक्सिलेटरवर ठेव, डोळा व्होल्टाच्या काट्यावर. बाराच्या खाली गेला की भिंत बंद पडती. काय झालं तरी पाय काढू नको."

"मूत लागली तर?"

"काय झालं तरी."

त्यानं बासचे स्पीकर सोडवले, म्हणजे सगळी ताकद भोंग्यांना. एरवी त्याला बास सोडव म्हटलं असतं तर त्यानं आधी माझे दात सोडवले असते. मग फोन लावला.

एऽऽऽ...

हाक माळावरून निघाली, रानावर गेली, पलीकडच्या टेकाडावर आपटून परत आली आणि तिला वाटेत दुसरी भेटली. पाद्रिन्यो भिंतीच्या पुढं, अगदी कडेला, टोपी घालून उभे होते. कुणी लांबून बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याचा दम बघा. इंजिन थरथरत होतं. मी काट्याकडं बघत होतो. तेरा, आणि जरा वर.

आणि जनावरं यायला लागली.

आधी शेरडं आली, कुणाची ते देव जाणे. मग एक गाढव. मग धूळ उठली आणि पलीकडच्या रानातली गुरं, तांबडी, काळी, बांडी, वाट सोडून काटे मोडत वर चढायला लागली. ज्याची हाक त्याचीच गुरं, हा नियम माणसाच्या छातीचा होता. एवढ्या वॉटांची हाक त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. त्यांना बहुतेक वाटलं, देव बोलावतोय, आणि देवाचा आवाज सेरोतच्या बेलार्मिनोसारखा आहे. माळ भरून गेला. फिदाल्गा त्यात नव्हती.

गुरांमागून घोड्यावर ओतासिल्यो आला, पलीकडच्या रानाचा गुराखी, पाद्रिन्योंचा जुना जोडीदार. लांबूनच शिव्या देत येत होता.

"कोन रं त्यो माझी गुरं पळवनारा! तुझ्या..." मग त्यानं कान दिला. घोडा थांबवला. टोपी काढली. "बेलार्मिनो? कोंपाद्रे, तुझा घसा आला व्हय परत?"

तो उतरून धावत आला आणि त्यानं पाद्रिन्योंना मिठी मारली, पाठीवर थापट्या मारल्या, रडला. "मला सांगितलं तुझा आवाज गेला. खोटारडी मानसं! कसा वाजतोय बघ!" हाक अजून चालूच होती. पाद्रिन्योंनी त्याला हळूच बाजूला केलं, तोंड मिटलेलंच ठेवलं आणि बोटानं मागं दाखवलं.

ओतासिल्योनं भिंतीकडं बघितलं. वरचं नाव वाचलं. मग टोपी परत घातली नाही.

काटा उतरायला लागला होता. मी पाय दाबला. आल्टरनेटरचा पट्टा किंचाळायला लागला. "झिल्वान, बारावर आलाय!" "दाब!" मी दाबला. पुढं इंजिनात चाबकासारखा आवाज झाला, पट्टा तुटून बाहेर आला आणि हाक ओऽऽ वर उतरता उतरता मध्येच कापली गेली. इस्पितळातही बहुतेक असंच झालं असणार.

मी इंजिन बंद केलं. मग जी शांतता झाली तिच्यात फक्त एकच आवाज होता. फुस्स. फुस्स.

गुरं पांगायला लागली. ओतासिल्यो आपली हाकायला गेला. झिल्वान बापाकडं बघत नव्हता. आणि तेवढ्यात अंबूच्या झाडाखालून ती निघाली. एकटी, सावकाश, हाडांवर कातडं आणि मध्ये पोट. मोठ्या घरची बाई उशिरा चर्चमध्ये येते तशी.

पाद्रिन्योंनी हात पसरले. ती आली, त्यांच्या शेजारून गेली आणि भिंतीपुढं जाऊन उभी राहिली. भोंग्यांकडं नाक वर केलं. मग जीभ काढून खालच्या स्पीकरचा काळा कागद चाटायला लागली. पाद्रिन्यो मागून आले, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं कातडी थरथरवली, माशी बसल्यावर थरथरवतात तशी. त्यांच्या अंगाला औषधाचा वास होता, इस्पितळाच्या साबणाचा. त्यांनी तोंड उघडलं. फुस्स.

मग त्यांनी झिल्वानकडं हात केला. झिल्वाननं फोन दिला. पाद्रिन्योंनी तो गळ्याच्या फडक्याला टेकवून धरला आणि वाजवला. फोनच्या एवढ्याशा स्पीकरातून हाक आली, डब्यात अडकलेल्या माशीएवढी. फिदाल्गानं मान वळवली. त्यांच्याकडं बघितलं, गळ्याकडं बघितलं. कान पुढं केले.

मग तिनं परत भिंतीकडं तोंड केलं.

"चल बा," झिल्वान म्हणाला. त्याचा आवाज आता बापासारखाच झाला होता, म्हणजे नव्हताच. "गाडी उतारानं सोडू. भिंत जाईल तिथं ती येईल."

तशी ती आली. मी गिअर काढून गाडी सोडली. झिल्वान एका बाजूनं दाबून धरायचा, गुरं लावून परत आलेला ओतासिल्यो दुसऱ्या. मागं गाय, गाईमागं पाद्रिन्यो. गावात वीज नव्हती, लोक मेणबत्त्या घेऊन दारात उभे होते. पंप बंद होता तर दोना इरासीनं घरातली पिण्याची घागर आणून टपात ओतली. "पी बाई," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या बॅटरीनं आणली तुला." फिदाल्गा प्यायली. गावानं टाळ्या वाजवल्या. सगळं झालं, हे मी आधीच सांगितलंय.

कंपनीचा माणूस आला तेव्हा त्यानं फ्यूज बसवला, पूर्वीपेक्षा बारीक, आणि झिल्वानचा चार्जर बघून असला बोजा पुन्हा चालणार नाही असं सांगून गेला. झिल्वाननं नवा पट्टा घातला. भिंत मात्र अंगणात लागली ती लागली, कारण ती हलली की गाय हलायची. त्या वर्षी 'सासूबाईंची झोप' एकाही सणाला वाजली नाही. रोज संध्याकाळी इंजिन सुरू करून तो बापाची हाक लावायचा, अगदी हळू, आणि पाद्रिन्यो भिंतीच्या मागं जाऊन बसायचे. दोन स्पीकरांच्या मधल्या फटीतून ते निवडुंगाची सोललेली पानं पुढं सरकवायचे. फिदाल्गा खायची. तिला दिसायचा तो फक्त हात. कधी कधी ती हातही चाटायची.

वासरू झालं ते भिंतीपुढंच. त्याचं नाव बातेरिया, म्हणजे बॅटरी, ठेवलं.

अंबूला फळं धरली तेव्हा पाद्रिन्योंचं दुखणं परत आलं. त्याला आता काढायला चिकटलेलं काही उरलं नव्हतं, म्हणून ते त्यांनाच घेऊन गेलं. शेवटच्या दिवशी मी आशीर्वाद मागितला. अंगठा वर झाला, आणि मग एक बोट कपाळाला लागलं. अकलेचं.

आमच्याकडं कुणी गेलं की गाडीवर भोंगा लावून गावभर सांगत फिरतात, अमुक अमुक वारले, दफन अमुक वेळेला. झिल्वाननं माइक हातात घेतला आणि त्याला बोलवेना. मला दिला, मला बोलवेना, आणि मी न बोलता राहिलो असा गावात बहुधा तो पहिला प्रसंग. मग त्यानं हाकच लावली. गाडी गल्लीगल्लीतून हळूहळू निघाली, एऽऽ म्हणत, ओऽऽ म्हणत. सवयीनं बायकांनी चुलीवरचा घेवडा उतरवला. मग त्यांनी दाराबाहेर बघितलं. भिंतीमागून फिदाल्गा चालली होती, तिच्यामागं बातेरिया, आणि त्यांच्यामागं कुणी नव्हतं. तेव्हा लोकांना कळलं. टोप्या निघाल्या.

फिदाल्गा अजून आहे. संध्याकाळी भिंतीपुढं येऊन उभी राहते. डिझेल असलं तर हाक लागते. नसलं तर ती फटीकडं बघत राहते, आणि झिल्वान मागं जाऊन पानं सरकवतो. हात वेगळा आहे हे तिला कळतं. खाते, चाटत नाही.

सबब वीज कंपनीच्या मेहेरबान साहेबांस सेरोत ग्रामस्थांतर्फे नम्र विनंती की, बोअरचा पंप, दोना इरासी यांचा फ्रीझर आणि कैलासवासी... चुकलो, स्वर्गवासी बेलार्मिनो यांचा आवाज ही तिन्ही एकाच वेळी चालू शकतील एवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर गावास मंजूर व्हावा, आणि जोडणी ग्राहक म्हणून श्रीमती फिदाल्गा यांच्या नावे करण्यात यावी. ते नियमात बसत नसल्यास एक हात पाठवावा. जुना चालेल.